खर्जाची तार

गेल्या दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींची पाडव्याची ओवाळणी दोन लाकडी खोक्यांत गेली! नागपूरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी ‘व्हार्फडेल डायमंड’ या ध्वनिवर्धकांची जोडी कुहीला घरी आणली, तेव्हा तिने एवढेच विचारले, “घरात गाणी वाजत नव्हती का?”

वाजत होती, पण बाबा ऐकेनासे झाले होते. शाळा सुटल्यावर जन्मभर गाण्याचे वर्ग घेतलेला हा माणूस मोबाइलवर भीमसेन लागले की उठून जाई. “गाणे आहे, तंबोरा कुठे आहे?” असे म्हणत. त्यांचा स्वतःचा तंबोराही गवसणीत घालून कोपऱ्यात उभा होता. आम्ही समजलो, वय झाले, कान गेले.

कारण वेगळेच होते. खर्जाचा स्वर उमटायला पुष्कळ हवा हलवावी लागते. बोटाच्या पेराएवढ्या पडद्याला ते झेपत नाही. वरचे स्वर तेवढे ऐकू येतात. पायाचा गळून जातो.

या जोडीच्या घराण्याचा मूळ पुरुष गिल्बर्ट ब्रिग्ज. हा मूळचा कापडाच्या धंद्यातला. १९३२ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, इल्कली येथल्या आपल्या घराच्या तळघरात त्याने ध्वनिवर्धक करायला घेतले आणि व्हार्फ नदीच्या खोऱ्याचे नाव धंद्याला दिले. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डच्या रेडिओ मंडळाच्या स्पर्धेत पहिले आणि दुसरे, दोन्ही बक्षिसे त्यानेच पटकावली!

गृहस्थ मोठा धीट. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भरल्या सभागृहापुढे त्याने प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण आळीपाळीने ऐकवले, आणि निवाडा श्रोत्यांच्या कानांवर सोपवला. पेटीच्या फळ्यांनी थरथरून आपला सूर मध्ये मिसळू नये म्हणून तो दोन पातळ फळ्यांमध्ये चक्क वाळू भरी. १९५८ साली कंपनी ‘रँक’ या बड्या संस्थेकडे गेली. आज तिची मालकी चिनी उद्योगसमूहाकडे आहे. पण १९८२ साली निघालेल्या ‘डायमंड’ने चांगला सूर लहान घराच्या आणि लहान खिशाच्या आवाक्यात आणला, हे खरे.

वाळूची गोष्ट ऐकून बाबा खुलले. अंगणात बांधकामातली वाळू उरली होतीच. तेलाचे दोन रिकामे डबे तिने भरले आणि त्यांवर खोकी मांडली, भिंतीला लागून; तिथे खर्ज अंमळ भरतो.

पाडव्याच्या सकाळी तबकडी लावली. तंबोरा झंकारला आणि बाबांनी डोळे मिटले. वीस मिनिटे घरात कुणी बोलले नाही.

मग मला ब्रिग्जच्या परीक्षेची हुक्की आली. बाबांना पाठमोरे बसवले. पडद्याआड कधी सौ. बाबांचा तंबोरा छेडी, कधी मी तबकडी लावी. तीनदा विचारले, तिन्ही वेळा बाबांनी अचूक ओळखले! माझा चेहरा उतरला.

“म्हणजे खोकी नापास?”

“छे रे! तबकडीतला तंबोरा सुरात आहे. आपला पार उतरलाय. किती वर्षांत कुणी लावलाच नाही.”

त्यांनी तंबोरा मागून मांडीवर घेतला आणि खुंटी पिळली. त्या संध्याकाळी खोकी मुकीच राहिली. ओसरीवर बाबा गात होते.

ओवाळणीचे तबक हातात घेऊन सौ. दारात उभी होती. मी खिसा चाचपू लागलो, तर म्हणाली, “राहू द्या. पोचली!”