टेकच्या घशातला चंद्र

घराण्याची वंशावळ टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये जुळवायला घेतली, त्याला सात वर्षं झाली. पुस्तक अजून घरातच आहे. त्यापायी लागलेला नाद मात्र सुटत नाही.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची मुद्रितं पाहून वैतागला आणि १९७७ साली त्याने टेक लिहायला घेतलं, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. (टेकच्या शेवटी 'ख' म्हणा, हा त्याचा आग्रह. आपण मराठी माणसं तो सहज पुरवू शकतो, पण पुरवत नाही.) मॅक्रोंमध्ये, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या आज्ञांमध्ये, प्रोग्रॅमिंगची सोय मात्र त्याने नाखुशीनेच दिली. अक्षरं जुळवणाऱ्याला एवढे हिशेब कशाला?

लोक ऐकतात थोडेच! १९९० साली अँड्र्यू ग्रीनने 'टगबोट' या नियतकालिकात एक अचाट लेख लिहिला. बेसिक भाषेचा अख्खा इंटरप्रिटर त्याने निव्वळ टेकच्या मॅक्रोंत रचला होता, नाव 'बेसिक्स'. टेकजवळ गणित पूर्णांकांचंच. लांबीसुद्धा एका पॉइंटचे ६५,५३६ भाग करून मोजायची. शब्द तोडायचा तर एकेक टोकन ओढून घ्यायचं. पायाच्या बोटांनी रांगोळी काढावी, तसा हा प्रकार. रांगोळी सुरेख आहे, पण रोज अंगणात कोण घालणार?

यावर उतारा ठरलेली लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा जन्मली १९९३ साली, रिओ द जानेरोतल्या कॅथलिक विद्यापीठात. आधीच्या भाषेचं नाव सोल, म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य. म्हणून ही चंद्र. गोव्यातल्या जुन्या मंडळींना अर्थ सांगायला नको. नेदरलँड्सच्या टेकवेड्या हान्स हागेनला ती भेटली रोजच्या वापरातल्या एडिटरमध्ये. इथे चालते तर टेकमध्ये का नको? २००५ साली हार्टमुट हेंकेलने ती थेट पीडीएफ बनवणाऱ्या टेकमध्ये, म्हणजे पीडीएफटेकमध्ये, बसवून दाखवली, पुढे टाको हुकवाटरने मोठा भार उचलला. या जोडीची, म्हणजे लुआटेकची, १.० आवृत्ती यायला २०१६ उजाडलं.

खरी गंमत जोडाच्या जागी आहे. कनूथ टेकचं वर्णन देहासारखं करतो: डोळे अक्षरं पाहतात, तोंडात त्यांची टोकनं होतात, घशात मॅक्रो उलगडतात, उरलेलं पोटात पचतं. लुआला हाक मारणारी आज्ञा चालते घशात. म्हणजे लुआच्या वाट्याला येतो तो टेकने आधीच चावलेला घास.

पणजोबांची जन्मतारीख '५' ऐवजी '०५' दिसावी, म्हणून मी लुआचा % ने सुरू होणारा साचा लिहिला. टेकच्या लेखी % म्हणजे 'इथून पुढची ओळ वाचू नकोस'. त्याने ओळ टाकून दिली, तिच्यासोबत त्या आज्ञेचा मिटता महिरपी कंसही. मग तो कंस शोधत फाइलच्या तळाशी गेला आणि फाइल संपल्याची तक्रार करत थांबला. उलट खोडही आहे. लुआत -- पुढे टीप लिहितात. पण टेक ओळींचे शेवट मोकळ्या जागेत बदलतो. सगळा मजकूर एकाच ओळीत येतो आणि पहिल्या टिपेनंतरचा अख्खा प्रोग्रॅम टीप होऊन बसतो. तोही मुकाट्याने.

याला दोष म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हे टेकशी इमान राखणं वाटतं: पाहुणीसाठी घराच्या भिंती पाडल्या नाहीत. लुआचा मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवावा आणि टेकमधून नुसती हाक मारावी. तिथे टेकचे दात पोचत नाहीत.

तसं केलं. '०५' उमटलं. मग जुनी वही पुन्हा पाहिली, तर ती तारीख नव्हतीच. वद्य पंचमी होती. तिथीवरून तारीख काढायची म्हणजे चंद्राची गती आली, दशांश आले, साइन आले. ते काम सध्या लुआकडे आहे.