ऊसतोडीचा हंगाम आणि शिध्याचे नियोजन

दसरा उलटला म्हणजे बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज आदी तालुक्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याकरिता हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. गाडीत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि धान्याची पोती असतात. त्या पोत्यांत काय भरले आहे, यावर पुढील पाच-सहा महिन्यांचा आहार बराचसा अवलंबून असतो.

काय खावयाचे हे आधी ठरविल्याने आहार सुधारतो काय, याचा अभ्यास परदेशांतही झाला आहे. फ्रान्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० हजारांहून अधिक प्रौढांची माहिती घेण्यात आली. जेवणाचे बेत आधी आखणाऱ्यांच्या आहारात विविधता अधिक असल्याचे तीत आढळले. अर्थात नियोजनामुळेच आहार सुधारला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय बाजाराजवळ राहणाऱ्याचे बेत निराळे आणि फडाशेजारी कोपीत राहणाऱ्याचे निराळे. तथापि कोपीतील स्त्रीस आयत्या वेळी विचार करण्यास सवडच नसते. पहाटे तीन-चारला उठून ती भाकऱ्या थापते, दिवसभर फडात मोळ्या बांधते, वाहते आणि रात्री पुन्हा चूल पेटविते. हाताशी जे असेल तेच मग ताटात पडते: आज भाकरी आणि ठेचा, उद्या ठेचा आणि भाकरी.

भाकरी हे हलके अन्न मुळीच नव्हे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमही नसते. उणीव पडते ती डाळीची, तेलबियांची व भाजीची. दोघा कष्टकऱ्यांस मिळून दिवसाला १ किलो धान्य धरले, तर १८० दिवसांस १८० किलो लागते. हा हिशेब सर्वांस ठाऊक असतो. परंतु त्याच दोघांस दिवसाला १५० ग्रॅम डाळ-कडधान्य धरल्यास २७ किलो आणि ५० ग्रॅम शेंगदाणे धरल्यास ९ किलो लागतात, ही बेरीज करण्याचे राहून जाते. उचल जुने देणे, लग्नकार्य व औषधपाणी यांत सरण्यापूर्वीच या ३६ किलोंची तरतूद करावी. फडाजवळच्या दुकानात उधारीवर घेतलेली डाळ महागच पडते.

कडधान्यात मटकी अवश्य असावी. रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधावी व थंडीत चुलीच्या उबेला ठेवावी. मोड आलेली मटकी लवकर शिजते, त्यामुळे सरपण वाचते. वर लिंबू पिळल्यास अन्नातील लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. चहा मात्र जेवणाबरोबर घेऊ नये, कारण तो लोह शोषले जाण्यास अडथळा आणतो.

तोडणीत पतिपत्नींचा मिळून एक कोयता धरण्याचा प्रघात आहे. चूल मात्र एकटीच्याच वाट्यास येते. हे जोवर तसेच आहे, तोवर कागदावरील कोणताही बेत फार दिवस टिकणार नाही. रात्री मटकी भिजविणे, पाणी भरणे, शेंगदाणे कुटणे ही कामे पुरुषांस सहज करता येण्यासारखी आहेत.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेनुसार पात्र शिधापत्रिकाधारकास परगावी व परराज्यातही आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. गावी राहिलेल्या वृद्धांस त्यांचा हिस्सा तेथे घेता येतो. याकरिता शिधापत्रिकेचा क्रमांक जवळ असावा व आधार जोडणी निघण्यापूर्वीच तपासून घ्यावी. हे धान्य प्रामुख्याने गहू-तांदूळ असते. म्हणून डाळीची तरतूद त्यावर विसंबून सोडू नये.

शिध्यात मेथीच्या बियांची एक पुरचुंडीही असावी. जेथे मुक्काम महिन्याहून अधिक पडतो, तेथे कोपीशेजारी लहानसा वाफा करून डाळ-तांदूळ धुतलेले पाणी त्यास द्यावे. तीन-चार आठवड्यांत भाजी खुडण्यास येते.