गाईड डॉग म्हणजे नेमकं काय? गुहागरच्या पाखाडीवर तो चालेल का?

गुहागर : मोबाईलवर असा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. परदेशातला गजबजलेला रस्ता, दृष्टी नसलेली एक व्यक्ती आणि तिच्या बाजूने खास पट्टा घातलेला शांत लॅब्रेडॉर. दोघं झपझप चालत निघून जातात. हे बघितलं की ज्या घरात कोणाला दिसत नाही, तिथे प्रश्न येतोच, "आपल्याकडे असा कुत्रा मिळेल काय?"

सरळ उत्तर असं की भारतात असे कुत्रे अगदी मोजके आहेत. कोकणातल्या गावात त्यावर अवलंबून राहता येणार नाही. पण त्या कुत्र्यामुळे माणसाला जे मिळतं, म्हणजे कोणाचा हात न धरता घराबाहेर पडण्याची हिंमत, ती मिळवण्याचा दुसरा मार्ग आपल्याकडे आहे.

कुत्रा नेमकं काय करतो?

पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग इथे अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. अमेरिकेत १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली.

पिल्लू साधारण वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढतं. मग काही महिने प्रशिक्षण होतं. शेवटी ज्याला कुत्रा द्यायचा, तो माणूस आणि कुत्रा दोघं मिळून काही आठवडे शिकतात. सगळेच कुत्रे यात पास होत नाहीत.

एक गैरसमज मात्र मोठा आहे. "बाजारात चल" म्हटलं की कुत्रा घेऊन जातो, असं नसतं. रस्ता माणसालाच पाठ असावा लागतो. कुठे वळायचं ते माणूस सांगतो, कुत्रा अडथळा चुकवतो आणि पायरी आली की थांबतो. समोरून गाडी येत असेल, तर "चल" म्हटलं तरी हलत नाही. म्हणजे कुत्रा असला तरी वाट ओळखायला शिकावंच लागतं.

आपल्याकडे अडचण कुठे?

गावातली मोकाट कुत्री नवा कुत्रा दिसला की अंगावर येतात. रस्त्याला पदपथ नाही. पट्टीच्या कुत्र्याचं खाणं, औषधं, डॉक्टर यांचा खर्च वेगळा. वाडीत बिबट्या फिरतो तेव्हा पहिला कुत्राच जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. घरचा कुत्रा शिकवून रस्त्यावर न्यावा, तर तेही धोक्याचं. गुरांमागे धावणारा कुत्रा ऐन रस्त्यात माणसाला पाडेल.

मग पांढरी काठी

ही टेकायची काठी नव्हे, वाट चाचपायची काठी आहे. उभं राहिल्यावर ती साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. डावा पाय पुढे टाकताना काठीचं टोक उजवीकडे, उजवा पाय टाकताना डावीकडे. पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा काठी आधीच तपासते.

गुहागरसारख्या गावात खुणाही भरपूर मिळतात. गावचा मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर आहे. समुद्राची गाज डाव्या हाताला असेल तर तोंड उत्तरेला. जांभ्याचा गडगा काठीला लागला की त्याच्या कडेने चालता येतं. देवळातली घंटा, गिरणीचा आवाज, मासळीचा वास, साकवाखालचं पाणी, सगळ्या खुणाच. पाखाडी उतरताना काठीने पायरीची कड शोधायची, मगच पाऊल खाली. पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा तीच वाट पुन्हा सावकाश शिकून घ्यावी लागते.

काठीची एक उणीव आहे. डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी तिला कळत नाही. त्यासाठी दिल्लीच्या आयआयटीत 'स्मार्टकेन' तयार झाली. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा सुमारे ३ मीटरवरून ओळखून ती मुठीत थरथरते.

सुरुवात कशी करायची?

पहिल्या दिवशी एसटी स्टँड गाठायचा नाही. आधी पडवी ते विहीर, मग शेजारचं घर, मग वाडीतलं दुकान. घरचं माणूस सुरुवातीला सोबत, नंतर दहा पावलं मागे, पण गप्प. एक वाट पक्की झाली की दुसरी. काठी वापरण्याचं रीतसर प्रशिक्षण 'नॅब'सारख्या संस्था देतात. ही संस्था १९५२ पासून काम करते.

मोबाईलही कामाला येतो. अँड्रॉइडमधलं 'टॉकबॅक' सुरू केलं की स्क्रीनवरचं वाचून दाखवतं. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप २०२० मध्ये आलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते ऐकवतं, इंटरनेटही लागत नाही. दुकानात सुट्टे मोजून घेता आले की अर्धी भीती तिथेच जाते.

कागदपत्रं आणि सवलती

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढावं. अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर भरता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. कार्ड असेल तर एसटीत भाड्याची सवलत मिळते. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून काठीसारखी साधनं मिळतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

गावाने काय करायचं?

• काठी घेऊन चालणाऱ्याला मागून ढकलू नका, काठी ओढू नका. आधी "सोबत येऊ काय?" असं विचारा.
• त्यांना तुमच्या कोपराच्या वर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला.
• "इकडे या", "तिकडे जा" नको. "उजव्या हाताला तीन पायऱ्या उतरायच्या" असं सांगा.
• बोलताना आधी आपलं नाव सांगा. निघताना "येतो" म्हणा, नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत राहतात.
• पाखाडीच्या तोंडाशी बाईक लावू नका.

१५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. शिकायला सुरुवात करायची तर त्या दिवसाची वाट बघायला नको. घरच्यांची काळजी खरीच असते. पण "तू बस, मी आणतो" हे रोज ऐकणारा माणूस हळूहळू उठायचंच विसरतो. उद्या सकाळी दूध आणायला त्यांना जाऊ द्या. पहिल्या दिवशी वेळ लागेल. लागू दे.