पट्टा धरून ठेवणारा पत्रा

सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावाहून टेंभुर्णी गाठली की पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. या रस्त्यावर जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कार्बोरेटर नीट लावलेला असेल तर ऐंशीचा वेग सहज पकडते. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाला त्यात फारसे कष्ट पडत नाहीत. पण आत बसलेल्या माणसाला धरून ठेवायला त्या गाडीत काहीच नसतं. पुढच्या सीटला पट्टे देणं कंपन्यांना बंधनकारक झालं ते १९९४पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्या पट्ट्याविनाच रस्त्यावर आल्या आणि आज हौशी माणसं त्याच गाड्या जिवापाड जपतात.

पद्मिनीचं आणि या भागाचं जुनं नातं आहे. तिच्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२चा, सोलापूरचा. उमेदीच्या काळात त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामांची कंत्राटं घेतली. त्या अरुंद रुळांचं मोठं ठाणं कुर्डुवाडी, केमच्या अगदी शेजारचं जंक्शन. पुढे १९४४मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७४मध्ये त्या गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी उतरल्या, तेव्हा कित्येकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

ही काही स्पोर्ट्‌स कार नव्हे, चार दरवाजांची घरगुती गाडी. पण परदेशी स्पोर्ट्‌स गाड्या आणणं जवळजवळ अशक्य होतं, त्या काळात मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीला उतरल्या त्या याच फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड, इंजिनं खोलून तयार केलेल्या. म्हणून आपल्याकडच्या जुन्या शर्यतीच्या गाडीला पट्टे बसवायचे म्हटलं, की मला आधी फियाटच आठवते.

तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी १९५९मध्ये बनवला. त्याआधी ते साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. व्होल्वोने ते पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. शर्यतीच्या गाडीत चार, पाच किंवा सहा बिंदूंचा हार्नेस असतो: दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, पाच-सहा बिंदूंचा असेल तर एक किंवा दोन मांड्यांमधून, आणि सगळे पोटापाशी एकाच बकलात अडकलेले. दुकानातून आणलेला हार्नेस नवाकोरा, मजबूत दिसतो. त्याची ताकद मात्र तो ज्या पत्र्याला अडकवला आहे, त्या पत्र्याएवढीच.

साधा हिशोब करून पाहा. गाडी ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळली आणि चेपणारं बॉनेट व ताणलेला पट्टा मिळून माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर सत्तर किलोच्या देहावर सरासरी सुमारे चौदाशे किलोचा भार येतो. एका क्षणात हा सगळा भार चार-सहा बोल्टांवर आणि त्यांच्याखालच्या पत्र्यावर पडतो. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. पन्नास वर्षं मॅटखाली पावसाचं पाणी मुरलेल्या फ्लोअरला नुसतं भोक पाडून वायसर लावून बोल्ट आवळला, तर तो पत्रा कागदासारखा फाटतो.

म्हणून जाणता मिस्त्री पट्ट्याला हात लावण्याआधी गाडी रिकामी करतो. सीट काढतो, मॅट काढतो, खाली चिकटलेलं डांबर खरवडतो. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक दरवाजाखालच्या पत्र्यावर, सीटच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे दोन पत्रे जुळतात तिथे दाबत जातो. टोक आत गेलं की तो तुकडा कापायचा आणि नवा वेल्ड करायचा. पुट्टी भरून रंग मारलेली जागा वरून सर्वांत सुंदर दिसते आणि नेमकी तीच सर्वांत धोक्याची असते. त्यानंतर बोल्टच्या जागी पत्र्याच्या मागच्या बाजूने पोलादी पट्टी येते. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे एफआयएचा नियम आहे की ही पट्टी किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आणि ३ मिलिमीटर जाडीची हवी. तिचे कोपरे गोल घासून घ्यायचे, कारण टोकदार कोपराच झटक्यात पत्रा चिरतो. बोल्टही हाती लागेल तो चालत नाही. १२ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ कोरलेला, नाहीतर ७/१६ इंची बारीक आट्यांचा लागतो.

माझ्या मते खरी कसोटी कोनांची आहे. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, मांडी आणि ओटीपोटाच्या घडीत, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे किंवा किंचित खाली उतरते जायला हवेत. अनेक गाड्यांत ते सीटमागे थेट फ्लोअरला बांधलेले दिसतात. काम सोपं पडतं, पण धडकेत तेच पट्टे माणसाला खाली दाबतात आणि मणक्याचा चुरा करतात. चार बिंदूंच्या हार्नेसचा दोष वेगळा: खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर सरकून पोटावर येतो आणि माणूस त्याखालून पुढे निसटतो. मांड्यांमधला पट्टा असतो तो हे थांबवायला.

पद्मिनीत आणखी एक अडचण आहे, तिची पुढची सलग बाकासारखी सीट. त्यावर खांद्याचे पट्टे जागेवर राहत नाहीत, वळणावर माणूस सरकतो. त्यासाठी पट्ट्यांना खाचा असलेली बकेट सीट हवी आणि तिची बैठकही तितकीच पक्की हवी. त्याहून महत्त्वाचा रोल केज, म्हणजे टपाखालचा पोलादी पाइपांचा पिंजरा. हार्नेसने सरळ जखडलेल्या माणसावर गाडी उलटून टप खाली आलं, तर तो बाजूलाही झुकू शकत नाही. म्हणून केजशिवाय हार्नेस बसवायला माझा ठाम विरोध आहे. ज्यांना जुनी फियाट फक्त रविवारी हिंडवायची आहे, त्यांनी दरवाजांमधल्या खांबाला आतून मजबुती देऊन रीळवाला तीन बिंदूंचा पट्टा बसवावा. तो लावूनही पुढे वाकून चौकातलं दोन्ही बाजूंचं पाहता येतं आणि झटका बसला की तो अडकतो.

मागच्या सीटलाही पट्टे हवेतच, आणि ते लावायलाही हवेत. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरमधल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढची दोघं वाचली, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ती आधुनिक गाडी होती, पट्टे जागेवर होते.

शर्यतीच्या मैदानावर आपली माणसं या बाबतीत फार काटेकोर असतात. पुण्याचे संजय टकले २०२५मध्ये सौदी अरेबियातल्या डकार क्लासिक रॅलीमध्ये जुनी टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले. अशा रॅलीत सुरुवातीआधीच्या तपासणीत पट्ट्यावरचं लेबल, त्यावरचं वैधतेचं वर्ष, शिलाई आणि प्रत्येक बोल्ट पाहिला जातो.

आपल्या गॅरेजमध्येही हे करता येतं. पट्टा तीन दांड्यांच्या कडीतून परत उलटा ओवलेला आहे ना, हे हाताने चाचपून पाहावं, कारण एकदाच ओवलेला पट्टा भाराखाली सुळकन निसटतो. मग चालकाला बसवून सगळे पट्टे घट्ट आवळावेत आणि त्याला चावी, हँडब्रेक, दिव्याचं बटण चाचपायला सांगावं. हात पोचत नसेल तर सीट पुढे घ्यावी, पट्टा सैल करू नये. बकल एका हाताने सुटतं का, ते दहादा पाहावं. आणि एकदा जोरदार धडक बसली, की पट्टा कितीही चांगला दिसला तरी कात्रीने कापून टाकावा, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाणार नाही.