हालचालीतून ध्वनी : कॅमेऱ्याचे घड्याळ आणि कानाचे घड्याळ

कॅनडातील कलावंत डेव्हिड रोकबी यांनी १९८०च्या दशकात ‘व्हेरी नर्व्हस सिस्टिम’ ही कलाकृती घडवली. माणसाच्या अंगावर काहीही बांधायचे नाही; तो हलला की कॅमेरा ते टिपतो, संगणक त्याचा अर्थ लावतो आणि त्यानुसार ध्वनी उमटतो. १९८६ साली ती व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. आज साधा लॅपटॉप आणि मिलर पकेट यांचे ‘प्युअर डेटा’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन महाविद्यालयीन विद्यार्थीही असा प्रयोग उभा करू शकतो.

हालचाल ओळखण्याची एक जुनी युक्ती म्हणजे वजाबाकी. आत्ताच्या फ्रेममधून मागची फ्रेम वजा करायची. जिथे उत्तर शून्याहून बरेच मोठे, तिथे काहीतरी हलले. माणूस कोण, हात कुठला, हे संगणकाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. ६४० गुणिले ४८० पिक्सेलचे चित्र मोजक्या चौकोनांत विभागून प्रत्येकातील बदलाची बेरीज घेतली, तरी आवाजाची पट्टी, जोर किंवा घुमारा बदलण्यास ती पुरते.

खरी अडचण पुढे येते. कॅमेरा सेकंदाला ३० वेळा पाहतो. ध्वनी मात्र सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी बनतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या एका नजरेत ध्वनीचे १,४७० नमुने निघून जातात. नर्तकीचा हात अखंड वर जातो, पण संगणकाला तो पायऱ्यापायऱ्यांनी चढताना दिसतो. त्या पायऱ्या जशाच्या तशा आवाजाच्या जोराला जोडल्या, तर सुरात करकर ऐकू येते. म्हणून दोन आकड्यांमध्ये उतार घालावा लागतो: जुन्या मूल्यावरून नव्यावर उडी न मारता तेहतीस मिलिसेकंदांत सरकत जायचे.

करकर जाते, पण उशीर वाढतो. एका फ्रेमचा उशीर म्हणजे वाद्य सुमारे अकरा मीटर दूर ठेवल्यासारखे. त्यात कॅमेऱ्याची वायर, चित्रावरची प्रक्रिया आणि उताराचा काळ मिळवला, की नर्तकीला आवाज आपल्या हातातून निघतो असे वाटेनासे होते. मागून कोणीतरी साथ देत आहे असे वाटते. कथकच्या साथीतला तबलजी पायाच्या आघाताची वाट पाहत बसत नाही. तो सम आधीच हेरतो. यंत्राला ते जमत नाही. म्हणून माझे मत असे की टाळीसारख्या तुटक आघातांपेक्षा संथ, लांबणाऱ्या ध्वनींना हालचाल जोडावी. तिथे उशीर खपून जातो. आघातच हवा असेल, तर उतार काढून टाकावा आणि थोडी करकर सोसावी.

दिव्यांकडेही लक्ष हवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण ३० फ्रेमच्या कॅमेऱ्याला दिसते आणि रिकाम्या रंगमंचावर आवाज आपोआप थरथरू लागतो. कॅमेरा २५ फ्रेमवर किंवा शटर एक शतांश सेकंदावर ठेवले की हे बहुतेक थांबते. तालमीआधी कोणालाही समोर उभे न करता पाच मिनिटे यंत्रणा चालू ठेवावी. तेव्हा पूर्ण शांतता असेल, तरच नर्तकीला आत बोलवावे.