डांबरी मार्ग आणि कच्ची वाट

मोटार कोणत्या जमिनीवर धावते, यावर शर्यतीचा खर्च आणि तिच्यातील थरार ही दोन्ही अवलंबून असतात. दिल्लीच्या परिसराने शर्यतीची दोन्ही रूपे पाहिली आहेत.

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय धावमार्ग 5 किलोमीटर 125 मीटर लांबीचा आहे. 30 ऑक्टोबर 2011 रोजी तेथे फॉर्म्युला वन स्पर्धेची भारतातील पहिली शर्यत झाली. 60 फेऱ्यांचे सुमारे 307 किलोमीटर अंतर सेबास्टियन फेटेलने दीड तासात कापले. दुसरा आलेला जेन्सन बटन त्याच्यामागे केवळ साडेआठ सेकंद होता. कोरड्या डांबरावर नक्षी नसलेले टायर घट्ट पकड घेतात, आणि मोटारीवरून वाहणारी हवा तिला खाली दाबून ती पकड अधिकच वाढविते. म्हणून प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी, त्याच क्षणी ब्रेक दाबणे हेच येथील कौशल्य ठरते. थरार आहे तो अचूकतेचा. धावमार्गाच्या कडेला साचलेल्या धुळीबद्दल 2011 मध्ये चालकांनी तक्रार केली, ती याच कारणाने. ठरलेली रेषा किंचित सुटली, तरी पकड जात असे.

कच्च्या वाटेवर पकड सुटणे हाच नियम. 2003 साली सुरू झालेल्या आणि काही वर्षी दिल्ली परिसरातून निघालेल्या ‘डेझर्ट स्टॉर्म’ या स्पर्धेतील मोटारी राजस्थानच्या वाळवंटात धावल्या. अशा स्पर्धेत मोटारी एकामागून एक सोडल्या जातात. खरा प्रतिस्पर्धी असतो तो घड्याळाचा काटा. चालक गाडीचा मागील भाग मुद्दाम घसरू देतो, तर शेजारी बसलेला सहचालक पुढचे वळण आणि खळगे सांगत जातो. येथे थरार अनिश्चिततेचा असतो.

खर्चाची विभागणीही अशीच भिन्न आहे. वाळवंटात रस्ता बांधावा लागत नाही. कारखान्यात तयार झालेल्या मोटारीत पोलादी पिंजरा बसवून आणि इंजिनाखाली जाड पत्रा लावून तीच शर्यतीस नेता येते. मात्र दगड आणि वाळू यांमुळे स्प्रिंगा, टायर व हवेच्या गाळण्या लवकर निकामी होतात. हा भार स्पर्धकावर पडतो. डांबरी धावमार्गाचा खर्च मात्र पहिली मोटार धावण्यापूर्वीच झालेला असतो. तो तिकिटांतून व प्रायोजकांकडून वर्षानुवर्षे वसूल व्हावा लागतो, आणि शर्यत नसली तरी मार्गाची देखभाल चुकत नाही.

बुद्ध धावमार्गावर फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या. 2011, 2012 आणि 2013 या तिन्ही वर्षी फेटेलच विजयी झाला. उत्तर प्रदेश शासनाने या शर्यतीस खेळ न मानता करमणूक मानून कर आकारला होता. तो वादही खर्चात भर घालणाराच होता. त्यानंतर सप्टेंबर 2023 मध्ये तेथे मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. एवढा मोठा मार्ग केवळ वेगावर जगत नाही. त्याला दरवर्षी परत येणारा प्रेक्षक लागतो. कच्च्या वाटेला प्रेक्षक थोडे मिळतात; पण शर्यत संपली की तिच्यामागे फेडावयाचे ऋण राहत नाही.