अडलेली चकती

कित्येक घरांत एखादा जुना संगणक वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून असतो. एके दिवशी त्यातील आजोबांचे लेख किंवा ताईच्या लग्नाची छायाचित्रे हवी होतात. बटण दाबावे, तर पंखा फिरतो; परंतु हार्ड डिस्कची परिचित घरघर ऐकू येत नाही. आता सारे गेले, असे वाटून माणूस हताश होतो. वस्तुतः चकती थांबली म्हणजे तिच्यावरील मजकूर पुसला गेला, असे नव्हे.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने तयार केली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि एवढ्या अवजड यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे चकत्या लहान झाल्या, तरी तत्त्व तेच राहिले. चकतीवरील चुंबकीय द्रव्याच्या पातळ थरात मजकूर खुणांच्या रूपाने साठतो. चकती मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेऊ लागली, की तिच्यावर हवेची गादी तयार होते, आणि खुणा वाचणारे इवलेसे ‘हेड’ चकतीस न शिवता त्या गादीवर तरंगते.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये वीज बंद होताच हे हेड चकतीवरच विसावत असे. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये पाण्याचा थेंब ठेवा. त्या एकमेकींस कशा चिकटतात, ते दिसेल. चकतीवरील वंगणामुळे तिचे आणि हेडचे असेच होते. मग ते सोडविण्याइतके बळ लहानशा मोटरीस राहत नाही. याखेरीज वीज न पोचणे, मोटर वा तिचे बेअरिंग बिघडणे, विद्युत्‌पट्टी जळणे, हीही कारणे असू शकतात.

म्हणून उपाय क्रमाने करावा. प्रथम वीज पुरविणारी तार बदलून पाहावी. तरीही चकती फिरली नाही आणि मजकूर बहुमोल असेल, तर हार्ड डिस्क जाणत्या कारागिराकडेच न्यावी. तो काही वेळा वीज बंद करून, डिस्क हाती सपाट धरून, चकतीच्या आसाभोवती मनगटाने हलकासा झटका देतो. पेटी वळते, चकती जडत्वामुळे किंचित मागे राहते आणि हेड सुटते. यात हेडला इजा होण्याचाही संभव असतो. पेटी आपटणे सर्वथा चूक. ती उघडणे तर त्याहून घातक. कारण हेड आणि चकती यांमधील अंतर धुळीच्या कणाहूनही कमी असते. नव्या हार्ड डिस्कमध्ये हेड चकतीबाहेर विसावते. म्हणून हा उपाय त्यांस लागू नाही.

चकती फिरू लागली, तर संगणक बंद न करता सर्व मजकूर तत्काळ दुसरीकडे उतरवून घ्यावा. पुन्हा ती फिरेलच, याचा भरवसा नसतो. पण याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे जपण्याजोग्या मजकुराच्या दोन प्रती आधीच दोन निराळ्या जागी ठेवणे. यंत्र आज ना उद्या थकणारच. आपली सावधगिरी मात्र थकू नये.